जर्मन जनरल, साताऱ्याचे कर्नल आणि रेशनचा हिशोब

हॅम्बुर्गमध्ये गाईडचं काम करते मी. आपली मंडळी आली की यादी ठरलेली असते, बंदर, विटांची ती जुनी गोदामं, मिनियातुर वुंडरलँडमधल्या चिमुकल्या रेल्वे आणि संध्याकाळी "इथे व्हेज कुठे मिळेल हो". त्यामुळे मुलीकडे आलेल्या एका रिटायर्ड कर्नलसाहेबांनी फोनवर "मला ते बंदर वगैरे नको, येनफेल्डला लेटो-फोरबेकची बॅरेक्स आहेत ना, ती दाखवशील का?" असं विचारलं तेव्हा मी आधी गारच पडले. मूळचे साताऱ्याचे, इन्फंट्रीत अख्खी नोकरी काढलेली, आवाज अजून परेड ग्राउंडवरचाच.

पाऊल फॉन लेटो-फोरबेक, पहिल्या महायुद्धातला जर्मन सेनापती, हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही, पण फौजेत मात्र ठाऊक असतं कारण टांगा या आफ्रिकेतल्या बंदराची लढाई. आणि ती आपल्याशी थेट संबंधित आहे. 16 ऑक्टोबर 1914 ला मुंबईहून इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स 'बी' निघाला, साधारण 8,000 माणसं, बहुतेक भारतीय शिपाई, आणि निघाले कुठे तर जर्मन पूर्व आफ्रिकेत म्हणजे आजच्या टांझानियात. समोर हा लेटो, तेव्हा 44 वर्षांचा लेफ्टनंट कर्नल, टांगात त्याच्याकडे जेमतेम हजारभर माणसं.

वांड्सबेक मार्क्टला उतरून पुढे बस घ्यावी लागते, तर त्या बसमध्येच कर्नलसाहेबांनी मला आणि सोबत आलेल्या त्यांच्या नातवाला (वय 16, जन्म इथलाच, मराठी कळतं पण बोलतो तोडकंमोडकं) अख्खी टांगा शिकवली. ब्रिटिश युद्धनौकेचा कॅप्टन आधी किनाऱ्यावर गेला आणि आता तुमच्याशी तह राहिला नाही असं जर्मनांना रीतसर कळवून आला, वर बंदरात सुरुंग लावलेत का असंही त्यांनाच विचारलं, आणि ते अर्थातच हो म्हणाले. काका खो खो हसत होते, "अरे शत्रूला विचारतोय, बाबा तू सुरुंग लावलेस का!" मग सुरुंग शोधण्यात वेळ गेला, तेवढ्यात लेटोने रेल्वेने माणसं आणली आणि रात्री स्वतः सायकलवरून गावात फिरून बघून आला. आपले शिपाई बिचारे जहाजात कोंबून आणलेले, समुद्र लागलेला, उतरवलं ते खारफुटीत, त्यात गोळीबाराने मधमाश्यांची पोळी उठली आणि त्या दोन्ही बाजूंना चावल्या. आठशेच्या वर माणसं मेली, जखमी झाली किंवा हरवली, आणि उरलेले परत जहाजात चढले ते मशीनगन, शेकडो रायफली आणि सहा लाख गोळ्या मागे टाकून. लेटोची पुढची कितीतरी लढाई याच सामानावर झाली. हे सांगताना काकांचा चेहरा बघण्यासारखा होता, राग होता पण समोरच्याबद्दल कौतुकही होतं.

येनफेल्डच्या त्या जागेला आता टांझानिया पार्क म्हणतात. पार्क नाव असलं तरी गेट बहुतेक वेळा कुलूपबंद. मी आधीच बोलून ठेवलं होतं म्हणून एक आजोबा किल्ली घेऊन आले. आत दोन मोठी टेराकोटाची शिल्पं आहेत, नाझींच्या काळात बॅरेक्ससाठी केलेली, आणि ती करणारा फॉन रुक्टेशेल हा स्वतः लेटोच्या हाताखालचा अधिकारी होता. एका शिल्पात जर्मन अधिकारी आणि त्याच्यामागे आस्कारी म्हणजे त्यांचे आफ्रिकन शिपाई, आणि दुसऱ्यात आस्कारी आणि त्याच्यामागे ओझी घेतलेले हमाल. सगळे ताठ, सगळे एका लयीत, कुणाच्याही चेहऱ्यावर थकवा नाही.

किल्लीवाल्या आजोबांनी त्यांच्या लहानपणी ऐकलेली गोष्ट सांगितली, जी इथे कित्येक वर्षं शाळेत, घरात अशीच सांगायचे. चार वर्षं हा माणूस हरला नाही. ब्रिटिशांच्या बाजूचा दक्षिण आफ्रिकन जनरल स्मट्स, त्याने मोठं सैन्य घेऊन हाकललं तरी सापडला नाही, बुडवलेल्या क्योनिग्सबेर्ग युद्धनौकेच्या तोफा काढून जंगलातून ओढत नेल्या, पोर्तुगीज मोझांबिकमध्ये घुसला, तिथून ऱ्होडेशियात म्हणजे आजच्या झांबियात. जर्मनीने 11 नोव्हेंबर 1918 ला शस्त्रं ठेवली ती बातमी याला दोन-तीन दिवसांनी चांबेशी नदीपाशी कळली आणि 25 नोव्हेंबरला तिथल्याच आबरकॉर्न गावी त्याने शस्त्रं खाली ठेवली. मार्च 1919 मध्ये बर्लिनच्या ब्रांडेनबुर्ग गेटमधून मिरवणूक. मी मराठीत सांगत होते, काका मान डोलवत होते.

आणि तेवढ्यात नातू दुसऱ्या शिल्पासमोर उभा राहून म्हणाला, "आजोबा, ही ओझीवाली माणसं कोण?"

खरं सांगायचं तर मी या शिल्पाबद्दल नेहमी एक-दोन वाक्यं बोलून पुढे जाते, लोकांना जनरलमध्येच इंटरेस्ट असतो. पण काका त्या शिल्पाजवळ गेले, जाकिटाच्या खिशातून चष्मा काढला, लावला, आणि ते चेहरे नाही, ती ओझीच बघत बसले. कशाने बांधलीत, कुठे टेकलीत. मग माझ्याकडे वळून, "काय गं, याची सप्लाय लाइन काय होती? रेल्वे 1916 मध्येच हातची गेली ना? मग पुढची दोन वर्षं रेशन कुठून?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता.

तर उत्तर असं की त्या भागात त्सेत्से माशीमुळे घोडे, खेचरं, बैल टिकतच नाहीत, पटापट मरतात. म्हणजे जे काय जायचं ते माणसाच्या डोक्यावरून. आणि हमालालाही खायला लागतं, म्हणजे तो जे वाहतो त्यातलंच थोडं तो रोज संपवतो, अंतर वाढलं की हमालांसाठी हमाल. काकांनी तिथेच बोटांवर हिशोब सुरू केला, कंपनी एवढी, रोजचं धान्य एवढं, आणि अर्ध्यातच थांबले. "म्हणजे गावातनं उचललं," म्हणाले. हो, गावातनंच. धान्य, गुरं, माणसं. मागून येणाऱ्या ब्रिटिशांना काही मिळू नये म्हणून उरलेलं जाळलं. त्यात पाऊस नाही, मग दुष्काळ, मग 1918 ची फ्लूची साथ. जर्मन पूर्व आफ्रिकेत उपासमारीने मेलेल्यांचे अंदाज तीन लाखांपर्यंत जातात, आणि ब्रिटिशांच्या बाजूचेही लाखाच्या आसपास हमाल गेले असं इतिहासकार सांगतात. लेटोच्या हमालांची धड नोंदच नाही. शरण आला तेव्हा त्याच्याबरोबर दीडशेच्या आसपास जर्मन, हजारावर आस्कारी आणि दीड हजाराच्या आसपास हमाल होते, म्हणजे शेवटपर्यंत सगळ्यात मोठी संख्या त्यांचीच.

किल्लीवाले आजोबा विचारत होते, काय चाललंय. मी सांगितलं, ते रेशनचा हिशोब करतायत. त्यांनी खांदे उडवले पण गेले नाहीत, उभे राहिले.

मग मीही सुटले, एरवी जे गिळून टाकते ते सगळं सांगितलं. टांगाच्या आधी 1904 मध्ये हा नामिबियात होता, जर्मन सेनापती फॉन ट्रोथाच्या स्टाफवर, जिथे तिथल्या हेरेरो लोकांना वाळवंटात कोंडून मारलं, ज्याला जर्मन सरकारने 2021 मध्ये नरसंहार म्हणून मान्य केलं. बर्लिनच्या मिरवणुकीनंतर काहीच महिन्यांत हा स्वतःच्याच देशात, याच हॅम्बुर्गमध्ये, दंगा मोडायला फौज घेऊन आला. 1920 मध्ये लोकशाही सरकार उलथवायच्या काप बंडात श्वेरीन शहरात सामील झाला आणि सैन्यातून घरी बसला. पुढे 1928 ते 1930 खासदार, उजव्या राष्ट्रवादी पक्षाचा. हिटलरने लंडनला राजदूत म्हणून जा म्हटलं तेव्हा नाही म्हणाला, हे लोक फार कौतुकाने सांगतात, पण 1939 मध्ये त्याच राजवटीने दिलेला जनरलचा मानद हुद्दा घेतला हे सांगत नाहीत. दोन्ही मुलगे दुसऱ्या महायुद्धात गेले. युद्धानंतर हातात काही नव्हतं तेव्हा ज्या स्मट्सने त्याला आफ्रिकाभर हाकललं तोच दक्षिण आफ्रिकेतून खायच्या वस्तूंची पार्सलं पाठवायचा. यावर काका नुसते "हं" म्हणाले, फौजी लोकांना हे कळतं बहुतेक.

1953 मध्ये ऐंशी ओलांडलेला लेटो परत दार-एस-सलामला गेला तर म्हातारे आस्कारी गाणं म्हणत घ्यायला आले. 9 मार्च 1964 ला हॅम्बुर्गमध्ये वारला, अंत्यसंस्काराला संरक्षणमंत्री फॉन हासेल बोलले, ज्यांचा स्वतःचा जन्म त्या जर्मन पूर्व आफ्रिकेतला. त्याच वर्षी जर्मन संसदेने हयात आस्कारींना थकलेला पगार द्यायचं ठरवलं. टांझानियातल्या म्वांझाला जमलेल्या म्हाताऱ्यांपैकी बऱ्याच जणांकडे कागद नव्हते तेव्हा बँकवाल्याने हातात झाडू देऊन जर्मनमध्ये कवायतीचे हुकूम सोडले आणि एकही जण चुकला नाही, अशी गोष्ट सांगतात.

नातू म्हणाला, "आणि हमाल?" पगार आस्कारींचा होता.

परतीच्या बसमध्ये आजोबा-नातवाची जुंपली. हानोव्हरला लेटोच्या नावाचा रस्ता होता त्याला आता नामिबियाचं नाव आहे, लेअर गावातल्या त्याच्या नावाच्या बॅरेक्सचंही नाव बदललं. नातवाचं म्हणणं, हे शिल्पही काढून टाका. काका म्हणाले, "अजिबात नाही, टांगा शिकवायची तर शिकवा, कमाल लढाई आहे ती, पण त्याच लेक्चरला रेशनचा तक्ता लावा फळ्यावर. आम्हाला कुणी लावला नव्हता." मुलगा हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही, मोबाईल काढून टांगाचा नकाशा शोधायला लागला. वांड्सबेक मार्क्टला उतरल्यावर काकांनी मला पैसे दिले, पावती मागितली, आणि विचारलं की मुंबईहून निघालेल्या त्या पलटणींबरोबर फॉलोअर्स म्हणजे भिस्ती, खलाशी, स्वयंपाकी किती होते त्याची यादी कुठे मिळेल. मी म्हटलं शोधते.