‘मराठी’ नावाची ओळ

अक्षय्य तृतीयेला जेमतेम दहा दिवस उरले असताना रत्नागिरीजवळच्या एका आंबा बागायतदार काकांचा फोन आला. त्यांच्या संकेतस्थळाची देखभाल मी करते. “लोक साइटवर येतात असं तूच सांगतेस ना? मग पेट्या फोनवरच का सांगतात?” हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

संकेतस्थळावर कोण येते, काय करते याची नोंद ठेवणारे गूगल ॲनालिटिक्स उघडून सर्वप्रथम मी आमच्याच भेटी वजा केल्या. हंगामात काका, त्यांचा मुलगा आणि रोजचे दर बदलणारी मी, असे तिघे दिवसभर तीच पाने उघडत असतो. त्यामुळे शहरांच्या यादीत रत्नागिरी सर्वांत वर दिसते, आणि तिथले कोणी संकेतस्थळावरून हापूस मागवत नाही. उरलेल्या भेटी मुख्यतः पुण्या-मुंबईच्या, मोबाइलवरच्या होत्या. आमच्या व्यवसायातले अनेक जण ‘किती लोक आले’ हा एकच आकडा महिन्याच्या अहवालात मोठ्या अक्षरांत देतात आणि मालकही त्यावर समाधान मानतात, पण त्या आकड्याने एकही पेटी विकली जात नाही.

१ जुलै २०२३ पासून जुने ॲनालिटिक्स बंद झाले तेव्हा आम्ही बहुतेक जण नाइलाजानेच नव्या आवृत्तीकडे वळलो. तिच्यात एक सोय मात्र खरोखर मोलाची आहे. कोणी पेटी मागवण्याचा अर्ज भरायला घेतला की एक नोंद होते आणि तो पाठवला गेला की दुसरी. या दोन नोंदी शेजारी ठेवून मी आधी उपकरणानुसार, मग ब्राउझरनुसार, मग शहरानुसार पाहिले. कुठेच वावगे दिसेना. शेवटी, आजवर कधीच न उघडलेला भाषेचा रकाना उघडला. ‘मराठी’ या ओळीत अर्जाला सुरुवात केलेले लोक होते आणि पाठवलेले अर्ज शून्य होते.

आकडेवारी जागा दाखवते, कारण सांगत नाही. मी स्वतःच्या फोनची भाषा मराठी केली, कळफलकही मराठी घेतला आणि काकांकडून पेटी मागवायला बसले. नाव, पत्ता, गाव सगळे व्यवस्थित झाले. पिनकोडच्या चौकटीत ‘४११०३०’ लिहिले आणि पाठवण्याचे बटण दाबले, तर काहीच घडले नाही. पान वर सरकवल्यावर, पडद्याबाहेर गेलेल्या भागात, पिनकोड चुकीचा असल्याची इंग्रजीतली लाल ओळ दिसली. अर्जातली तपासणी जावास्क्रिप्ट या संगणकीय भाषेतल्या ज्या चिन्हाने अंक ओळखते, त्याला केवळ इंग्रजी अंकच अंक वाटतात. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक ज्या यादीने अक्षरे ओळखतो तिच्यात, देवनागरी ४ हे वेगळे अक्षर असल्याने त्याच्या लेखी तो अंकच नव्हता. ती तपासणी मीच लिहिली होती आणि इंग्रजी कळफलकावर दहा वेळा तपासली होती.

दुरुस्ती चार ओळींची होती: देवनागरी अंक आधी इंग्रजीत बदलायचे आणि मग तपासायचे. सूचना मराठीत लिहून चौकटीच्या खालीच ठेवली, आणि त्या चौकटीला अंकांचा कळफलक आपोआप उघडेल असेही केले. त्याच रात्री ‘मराठी’च्या ओळीत पहिला पाठवलेला अर्ज दिसला.

काकांना हे सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “गेल्या वर्षी साताऱ्याच्या एका बाईंचा फोन आला होता. तुमची साइट पिन घेत नाही, म्हणाल्या. मला वाटलं, त्यांना जमत नसेल. मी फोनवरच पेटी लिहून घेतली.”

त्या बाईंनी फोन तरी केला. न करता निघून गेलेले किती, हे मोजावे म्हणून मी मागच्या हंगामाच्या नोंदी शोधल्या. ॲनालिटिक्समध्ये अशा तपशीलवार नोंदी मुळात २ महिनेच राखल्या जातात. ती मुदत १४ महिन्यांपर्यंत वाढवता येते, पण त्यासाठी एक पर्याय स्वतः बदलावा लागतो. तो मी बदललेला नव्हता. आता बदलला आहे. मागच्या हंगामाचा हिशेब मात्र मला काकांना देता येत नाही.