ओव्हरडोसची स्थानिक नोंद : आकडा कोणाच्या कामाचा?

अमेरिकेत अमली पदार्थांच्या ओव्हरडोसने २०२२ साली सुमारे १ लाख ८ हजार माणसे दगावली आणि २०२४ साली ही संख्या ८० हजारांच्या आसपास उतरली. देशाच्या धोरणासाठी हे आकडे महत्त्वाचे असले, तरी काउंटीच्या (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) आरोग्य अधिकाऱ्याला हवे असते ते याच आठवड्यात नॅलॉक्सोन, म्हणजे ओपिऑइडच्या (अफूसारखा परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या) ओव्हरडोसवरचा उतारा, कोणत्या वस्तीत पोचवायचे याचे उत्तर. सीडीसी या केंद्रीय संस्थेने २०२३ पासून राज्यांबरोबरच ४० स्थानिक आरोग्य विभागांनाही ओव्हरडोसची माहिती जमवून तिच्यावरून कृती करण्यासाठी थेट निधी देऊ केला, तो मला म्हणूनच योग्य वाटतो. मात्र निधी आला की प्रथम संगणकप्रणाली विकत घेतली जाते आणि माहितीवरून कोण काय करणार हा प्रश्न मागे पडतो.

सर्वांत खात्रीचा पुरावा म्हणजे मृत्युप्रमाणपत्र, आणि सर्वांत उशिरा हाती येणाराही तोच. शवविच्छेदनानंतर नमुने विषविश्लेषणासाठी जातात, अहवालाला अनेकदा कित्येक आठवडे लागतात आणि तोवर मृत्यूचे कारण ‘प्रलंबित’ राहते; सीडीसीचे तात्पुरते आकडेदेखील त्यामुळे चार महिने मागे असतात. (‘व्हिसेरा राखून ठेवला आहे’ हे वाक्य वर्तमानपत्रांत वाचत आलेल्या आपल्याकडच्या वाचकाला या विलंबाचे नवल वाटू नये.) त्यातच अनेक काउंट्यांमध्ये कारण ठरवणारा कॉरोनर हा निवडून आलेला अधिकारी असतो आणि तो डॉक्टर असेलच असे नाही. त्याने पदार्थाचे नाव न देता नुसते ‘ड्रग ओव्हरडोस’ लिहिले, तर तो मृत्यू एकूण संख्येत धरला जातो, पण फेंटानिलसारख्या कृत्रिम ओपिऑइडसाठी मृत्यूकारणांच्या वर्गीकरणात असलेल्या टी ४०.४ या संकेतांकाखाली येत नाही. मग पुढच्या वर्षी कोणी अधिक काटेकोरपणे लिहू लागले, की बाजारात काहीही बदललेले नसताना फेंटानिलचे बळी वाढल्याचे दिसते. नियोजन करणाऱ्याने आलेख काढण्याआधी कॉरोनरच्या कार्यालयात जाऊन बसावे, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रयोगशाळा नेमके काय तपासते, हेही तिथेच विचारावे. फेंटानिलमध्ये मिसळले जाणारे झायलाझिन हे प्राण्यांना गुंगी आणणारे औषध आहे, ओपिऑइड नव्हे. त्यावर नॅलॉक्सोन चालत नाही, आणि त्यासाठीची चाचणीच केली नाही तर ते अहवालात दिसणारही नाही.

वेगाची गरज रुग्णवाहिका आणि रुग्णालयांचे आपत्कालीन विभाग भागवतात. रुग्ण येताच लिहून घेतलेली तक्रार बऱ्याच ठिकाणी दिवसभरात आरोग्य विभागाकडे पोचते. ती अर्थातच कच्ची असते. बेशुद्ध सापडलेल्या माणसाला रुग्णवाहिकेत नॅलॉक्सोन दिले एवढ्यावरून तो ओव्हरडोस ठरत नाही, कारण पक्षाघात किंवा रक्तातली साखर उतरणे हेही कारण असू शकते. उलट, मार्च २०२३ मध्ये नॅलॉक्सोनच्या नाकातील फवाऱ्याला चिठ्ठीविना विक्रीची परवानगी मिळाली; आता मित्रच मित्राला शुद्धीवर आणतो आणि ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन जातच नाही. त्यामुळे रुग्णवाहिकेच्या नोंदी घटल्या तर ओव्हरडोस घटले की नुसते फोन घटले, हे त्या नोंदींवरून कळत नाही. वाटलेल्या आणि वापरल्या गेलेल्या नॅलॉक्सोनचा हिशेब शेजारी ठेवावाच लागतो.

इशारा कधी द्यायचा, हेही आधी ठरलेले असावे. आठवड्याला सरासरी दोन घटनांची नोंद होणाऱ्या काउंटीत एकदम पाच झाल्या, तर तो योगायोग की विषारी माल आल्याची खूण? याचे गणिती उत्तर एकच नाही. पण शुक्रवारी रात्री ही संख्या दिसली तर कोणी कोणाला फोन करायचा, हे मात्र कागदावर लिहून ठेवता येते.

पोलिसांचा सहभाग हा यातला सर्वांत नाजूक भाग. २०१७ पासून वापरात असलेल्या ओडीमॅपसारख्या नकाशात पोलीस आणि रुग्णवाहिका कर्मचारी घटनास्थळाची नोंद जवळजवळ तत्काळ करतात. मदतीला हे उपयोगी आहे. पण नोंदीमागून अटक येते असे लोकांना वाटले, तर पुढचा माणूस फोन करायला कचरेल. म्हणून अचूक पत्ता कोणाला दिसेल, किती काळ दिसेल आणि तो खटल्यासाठी वापरता येईल का, हे लेखी करारात असल्याशिवाय मी तरी असा नकाशा सुरू करणार नाही. जनतेसाठीचा तक्ता वेगळा ठेवावा. सीडीसीच्या सार्वजनिक विदासंचात १ ते ९ मृत्यूंचा आकडा झाकला जातो. लहान गावासाठी तोच नियम पाळावा, कारण तिथे वय, लिंग आणि महिना एवढ्यावरूनही शेजाऱ्यांना घर ओळखता येते.