चारोळीची रोपं: बी फोडण्यापासून ओट्यापर्यंत

मेअखेर ते जून: बी. इंदूरच्या सियागंज बाजारातून आणलेली चारोळी पेरून काही उगवत नाही. तो सोललेला, जुना मगज. तेल भरपूर, म्हणून लवकर खवट होतो आणि मरतो. झाडाखाली गळलेली, पूर्ण काळी फळंच घ्यावीत. हिरवी ओरबाडलेली नकोत. हाटात बहुतेक तीच येतात, शिवाय त्यासाठी फांद्याही तोडलेल्या असतात.

फळं रात्रभर भिजवून गर चोळून काढायचा. पाण्यावर तरंगणारं बी फेकून द्यायचं. पेरणी त्याच आठवड्यात.

खरी अडचण कवचाची. ते दोन शिंपल्यांचं, कडेनं जुळलेलं. पक्कडीत बी उभं धरून जोडावर हलकेच दाबायचं. बारीक 'कट्' आवाज आला की थांबायचं. आतला मगज चेपला तर हमखास बुरशी. न फोडलेलं बी उगवलं तर उगवलं, तेही मागेपुढे. फोडलेलं साधारण दोन-तीन आठवड्यांत वर येतं.

जून-जुलै: पेरणीच्या पिशव्या. दोन भाग बारीक मुरूम, एक वाळू, एक कुजलेलं शेणखत. बी आडवं, सेंटीमीटरभर खोल. पिशवी किमान 30 सेंटीमीटर उंच हवी, कारण वर दोन पानं दिसतात तोवर सोटमूळ तळाकडे निघालेलं असतं. आखूड पिशवीत ते गुंडाळतं, आणि असं रोप लावल्यावर वर्षभर नुसतं उभं राहतं. पिशव्या जमिनीवर न ठेवता जाळीवर ठेवा. देठ बुडाशी काळा पडून रोप आडवं झालं तर तो बुरशीचा मर रोग. पाणी तोडा, लिटरला 3 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक मिसळून ओता.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी: जागा. इंदूरजवळच्या महूच्या पुढे पठार नर्मदेकडे उतरतं, तिथल्या पानझडी जंगलात साग, धावडा, तेंदू, मोह. चारोळीला असाच निचऱ्याचा मुरमाड उतार मानवतो. मगरीच्या पाठीसारख्या चौकोनी भेगांच्या काळपट सालीवरून ती लांबूनच ओळखू येते. इंदूरच्या काळ्या मातीत खड्डा करून मुरूम भरला तर पावसात त्याचा हौद होतो आणि मुळं कुजतात. म्हणून खड्डा नाहीच: जमिनीवर दीड फूट उंच, मीटरभर रुंद मुरमाचा ओटा, त्यात रोप. मार्च ते मे मात्र पाण्याची काळजी, कारण ओटा लवकर सुकतो.

फळाची घाई असेल त्यांनी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या खोडावर पाचर कलम करावं, म्हणजे खोड चिरून त्यात चांगल्या झाडाची पाचरीसारखी तासलेली काडी बसवावी. गोध्र्याजवळच्या वेजलपूरच्या फळबाग संशोधन केंद्राची 'थार प्रिया' ही जात त्यासाठी बघण्यासारखी आहे.