ताजमध्ये एक रात्र, आई आणि तिचं पॅनकार्ड

आधीच सांगून टाकते, आम्ही ताजमध्ये उतरणाऱ्यांतल्या नाही. नाशिकहून मुंबईला गेलं की डोंबिवलीला मावशीकडे उतरायचं आणि तिथून लोकलने हवं तिकडे जायचं, ही आमच्या घरची वर्षानुवर्षांची पद्धत. पण आईचं लहानपण गिरगावात गेलं, झावबाच्या वाडीत. रविवारी आजोबा सगळ्या भावंडांना गेटवेला न्यायचे, पुडीतले दाणे खात बोटी बघायच्या, ताजसमोर थांबणाऱ्या गाड्या मोजायच्या आणि चालत घरी. आत कोण कधी गेलंय? यंदा ती ७१ची झाली, माझ्याकडे बोनसचे थोडे पैसे होते, म्हटलं चला एक रात्र. भावाला रजा मिळाली नाही म्हणून आम्ही दोघीच.

तर आधी पैशांचं बोलू, कारण सगळे तेच विचारतात. ताजचे दोन भाग आहेत हे मला बुकिंग करेपर्यंत माहीत नव्हतं. घुमटवाली जुनी इमारत म्हणजे पॅलेस, आणि शेजारी १९७३ साली उभा राहिलेला उंच टॉवर. पॅलेसच्या खोल्या बऱ्याच महाग, टॉवरच्या त्या मानाने स्वस्त (स्वस्त हा शब्द इथे जरा जपून वाचा). टॉवरमध्ये राहिलात तरी पॅलेसमध्ये फिरायला, बसायला, जिन्यावर उभं राहून फोटो काढायला तुम्हाला कोणी अडवत नाही, आतून रस्ता एकच आहे. आम्ही जुलैतला मंगळवार धरला, टॉवर, शहराच्या बाजूची खोली, नाश्ता धरून. स्क्रीनवर १८,५०० दिसलं म्हणून मी खूश, पण शेवटच्या पानावर १८ टक्के जीएसटी लागून २१,८३० झाले. साडेसात हजारांच्या वरच्या खोलीला १८ टक्के टॅक्स असतो, तेव्हा साइटवरचा आकडा बघून उड्या मारू नका, आधी सव्वाने गुणा आणि मग वाटलं तर थोडं कमी झालं म्हणून खूश व्हा. हेच डिसेंबरात किंवा शनिवार-रविवारी बघाल तर आकडा वेगळाच दिसेल.

मी आईला रक्कम सांगणार नव्हते, पण तिने ट्रेनमध्ये माझ्या फोनवर पाहिलीच. इगतपुरी येईपर्यंत गप्प. मग म्हणाली, "दुपारी दोनला खोली देणार, दुसऱ्या दिवशी बाराला काढणार, म्हणजे बावीस तास. तासाला हजार रुपये झाले गं." पुढचा सगळा मुक्काम या हिशोबावर चालला.

सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडली की अकराच्या आसपास तुम्ही सीएसएमटीला. बाहेरून काळी-पिवळी करा, मीटरने पन्नास-साठ रुपये होतात. नाशिककरांनो, तिकडे रिक्षा नसते, शोधत बसू नका. विमानाने येणाऱ्यांसाठी आता मेट्रो ३ आहे, एअरपोर्टहून थेट हुतात्मा चौक, तिथून पंधरा-वीस मिनिटं चालत, पण मोठी बॅग असेल तर टॅक्सीच बरी.

दारात बॅगा स्कॅन होतात, आपलीही तपासणी होते, त्याला पाच मिनिटं धरा. खोली दोनला मिळणार हे माहीत असूनही आम्ही सव्वाअकरालाच पोचलो कारण सामान आधी ठेवून घेतात, त्याचे पैसे नाहीत, फक्त पावतीसारखं एक टोकन देतात ते जपून ठेवा. आणि इथेच गंमत झाली. रिसेप्शनवरच्या मुलीने दोघींचं ओळखपत्र मागितलं. मी आधार दिलं. आईने पर्समधून रुमालात गुंडाळलेलं पॅनकार्ड काढलं, मोठ्या अभिमानाने. आता पॅनवर पत्ता नसतो, हॉटेलात ते चालत नाही, हे मला माहीत होतं पण आईला सांगायचं राहिलं, चूक माझीच. म्हटलं फोनवर आधार डाउनलोड करू, तर ओटीपी जातो भावाच्या नंबरवर, कारण दहा वर्षांपूर्वी त्यानेच ते काढून दिलेलं. भाऊ सातपूरला शिफ्टमध्ये, फोन लॉकरमध्ये. ती मुलगी फारच शांत होती, म्हणाली मॅडम घाई नाही, तुम्ही बसा, फिरून या. मला मात्र लाजेने घाम, आणि आई शेजारच्या सोफ्यावर बसून छताकडे बघतेय, म्हणतेय "अजून दोन वाजायचेत ना? मग हे तास फुकटच आहेत."

तर पहिला सल्ला हाच: प्रत्येक माणसाचं आधार, पासपोर्ट, व्होटर कार्ड किंवा लायसन, यातलं काहीतरी ओरिजिनल जवळ हवं. फक्त बुकिंग करणाऱ्याचं नाही, प्रत्येकाचं. दुसरा: डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्ड द्या. डेबिट कार्ड दिलंत तर आपल्याच खात्यातले पैसे अडकून बसतात आणि सुटायला काही दिवस जातात. मला ऑफिसातल्या एकीने हे आधी सांगितलं होतं म्हणून वाचले.

मधल्या वेळात म्युझियमला गेलो, चालत दहा मिनिटं, पण आईचं लक्ष नव्हतं, तिला ताज बघायचं होतं. सव्वा वाजता भावाचा जेवणाचा ब्रेक झाला, ओटीपी आला, आणि आम्ही अधिकृत झालो.

खोलीचं फार वर्णन करत नाही, पंचतारांकित खोल्या साधारण सारख्याच असतात, मऊ गादी, पांढऱ्या चादरी, बाथरूममध्ये सतरा बटणं. खिडकीतून कुलाब्याची कौलं, ताडपत्र्या, पावसात भिजणारे कावळे दिसत होते, आणि खरं सांगू तर मला ते आवडलं. समुद्राच्या बाजूची खोली हवी तर जास्त पैसे पडतात. माझं मत, ते वाचवा आणि पहिल्या मजल्यावर सी लाउंजमध्ये जाऊन खिडकीपाशी बसा, तिथे गेटवे, बोटी, पाऊस सगळं समोर आहे.

चार वाजता तेच केलं. सी लाउंजची ख्याती म्हणजे जुन्या मुंबईतल्या बड्या घरांच्या मुलामुलींच्या बघण्याच्या कार्यक्रमांची जागा. आईला हे सांगितल्यावर ती पुढचा तासभर प्रत्येक टेबलाकडे बघून "हे बघायला आलेत, हे नाही, तो मुलगा काही बोलत नाहीये, नकार येणार" असं करत बसली. दुपारचा चहा बुफेसारखा असतो, सँडविच, केक आणि चक्क भेळ, शेवपुरी. आम्ही बुफे न घेता दोन कॉफ्या आणि एक शेव बटाटा पुरी मागवली, कोणी तोंड वाकडं केलं नाही. ताजमध्ये राहायचं नसलं तरी इथे येऊन बसता येतं, फक्त आधी फोन करून टेबल सांगा, आणि हाफ पँट-स्लिपर घालून येऊ नका.

संध्याकाळी राहणाऱ्या पाहुण्यांसाठी हेरिटेज वॉक असतो, फुकट. चेक-इन करतानाच नाव द्या आणि वेळ विचारून घ्या. बावीस तासांतला हा सगळ्यात चांगला तास होता असं मला वाटतं. आईने सुरुवातीलाच त्या गाईडला ऐकवलं की हॉटेल चुकून उलटं बांधलं गेलं आणि ते बघून इंजिनिअरने जीव दिला, आमच्या वाडीत सगळ्यांना माहितीय. तो हसला. म्हणाला ही गोष्ट रोज कोणीतरी सांगतंच, पण तसं काही नाही, पूर्वी दारच शहराच्या बाजूला होतं, घोडागाड्या तिकडून यायच्या, आज जिथे पोहण्याचा तलाव आहे तिथून. आणि मुळात आराखडा काढणाऱ्यांत आपले सीताराम खंडेराव वैद्य होते, सोबत डी. एन. मिर्झा. वैद्य काम पुरं व्हायच्या आधीच वारले, मग चेंबर्स नावाच्या इंग्रजाने ते तडीस नेलं. आई लगेच माझ्याकडे वळून, "बघ, मराठी माणूस होता." पुढे दोन दिवस ती फोनवर सगळ्यांना हेच सांगत होती, जमशेदजी टाटांचं नाव एकदाही नाही. हॉटेल उघडलं १६ डिसेंबर १९०३ला, गेटवे पुरा झाला १९२४ला, म्हणजे ताज आधीचा आणि गेटवे नंतरचा, हे माझ्याही डोक्यात उलटंच होतं. मधला तो मोठा जिना बघा, खाली जमशेदजींचा पुतळा आहे, तिथे उभं राहून मान वर करून घुमटाच्या आतली बाजू बघायची. गुडघेदुखीवाल्यांनी लिफ्टने वर जाऊन हळूहळू उतरत यावं, आम्ही तसंच केलं.

खाली २६/११च्या हल्ल्यात तिथे जीव गेलेल्या ३१ जणांच्या नावांचं स्मारक आहे. गाईड तिथे कमी बोलला. आईने सगळी नावं वाचली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, चष्मा काढून पुसून पुन्हा घातला. त्या रात्री आम्ही नाशिकला टीव्हीसमोर बसलो होतो आणि हाच घुमट धुरात दिसत होता.

जेवायला बाहेर पडलो. हॉटेलात खायचं तर मेन्यू खोलीतल्या टीव्हीवर किंवा फोनवर आधी बघा आणि किमतीत टॅक्स मिळवून घ्या, अशा महागड्या हॉटेलांतल्या खाण्यावरही १८ टक्के लागतो. आम्ही कुलाबा कॉजवेने चालत कैलाश पर्बतला गेलो, शाकाहारी आहे, छोले भटुरे आणि पाणीपुरी, आई खूश. मांसाहारी असाल तर ताजच्या मागच्याच गल्लीत बडेमियाँ आहे, तिथे रात्री उशिरापर्यंत गर्दी. पावसाळ्यात कॉजवेवर छत्री उलटी होतेच, साधा रेनकोट न्या.

रात्री परत आलो तर पलंग आवरलेला, उशीवर चॉकलेट. आई म्हणे, याचे किती? काही नाही गं. मिनीबारचे पैसे लागतात, पाण्याच्या बाटल्या, चहा-कॉफीची पाकिटं, दातांचा ब्रश, साबण, स्लिपर यांचे नाही. पाणी अजून हवं तर मागा, देतात. इस्त्री हवी तर मागा. उशी फार मऊ असेल तर दुसरी मागा. मी आधी संकोचत होते, पण आईने रात्री साडेदहाला स्वतः फोन उचलून "जरा कडक उशी द्या हो" म्हणून मराठीत सांगितलं, आणि दहा मिनिटांत उशी घेऊन आलेला मुलगा निघाला साताऱ्याचा. मग दारातच पाच मिनिटं गप्पा. झोपताना ती म्हणाली, सात तास झोपायचं म्हणजे सात हजार गेले, आणि दुसऱ्या मिनिटाला घोरायला लागली.

सकाळी सहाला उठून गेटवेवर जा. हे नक्की करा. तेव्हा फेरीवाले-फोटोवाले मोजके, कबुतरं आणि चालायला आलेले कुलाब्याचे लोक. साडेनऊनंतर तिथे उभं राहवत नाही. घारापुरीला जायचा विचार असेल तर सोमवारी लेणी बंद असतात, आणि पावसाळ्यात बोटींचा भरवसा नाही, समुद्र बघून सोडतात. शिवाय जाऊन-येऊन अर्धा दिवस जातो, मग तासाला हजाराची खोली रिकामी ठेवून बोटीत बसायचं का ते तुम्ही ठरवा. आम्ही नाही गेलो.

नाश्त्याला दीड तास बसलो. आईने आधी फक्त इडली घेतली, कारण "जास्त घेतलं तर बरं दिसत नाही". मी म्हटलं, अगं खोलीच्या भाड्यात आहे. मग पपई, मग डोसा, मग कसलातरी लोण्याचा पाव, मग परत कॉफी. उशिरा जाल तर टेबलासाठी थांबावं लागतं, आठच्या आत जा.

बाराला खोली सोडली, सामान पुन्हा खाली ठेवलं, टोकन घेतलं, आणि संध्याकाळच्या पंचवटीपर्यंत जहांगीर आर्ट गॅलरी आणि फोर्टात भटकलो. बिल निघाल्यावर एकदा ओळ न ओळ वाचा, आमचं बरोबर होतं, पण सवय म्हणून. सामान उचलणाऱ्या पोराच्या हातावर शंभर ठेवले.

आईने दोन्ही स्लिपर आणल्यात. माझ्यासुद्धा. आल्या आल्या पहिलं काम केलं ते तिच्या आधारला माझा नंबर जोडायचं. भाऊ म्हणतो, त्यापेक्षा पुढच्या वेळी मलाच न्या.