आमची वाटचाल : रिमिनीतल्या बावीस खोल्या

इटलीतल्या रिमिनी गावात, समुद्रापासून दोन गल्ल्या आत आमचं बावीस खोल्यांचं हॉटेल आहे. इमारत आमची नाही. युद्धानंतर ज्या कुटुंबाने ती बांधली, त्यांच्याकडून आम्ही नवरा-बायकोने 2012 मध्ये ती चालवायला घेतली. त्याआधी नऊ वर्षं मी इथेच दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात राबलो.

मालकीणबाई तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या. किल्ल्या देण्याआधी त्यांनी आम्हाला तळघरात नेलं. छोटी खोली, भिंतीला खाटेच्या कडेची घासून गेलेली रेघ. "हंगामात आम्ही चौघं इथे झोपायचो," म्हणाल्या. वरची प्रत्येक खोली, अगदी स्वतःचीसुद्धा, पाहुण्यांना.

मला वाटतं, हे गाव वाढलं ते या तळघरांवर. समुद्रस्नानाची पहिली सोय इथे 1843 मध्ये झाली, 1861 मध्ये रेल्वे आली, 1908 मध्ये ग्रँड हॉटेल उभं राहिलं; पण ते सगळं पैसेवाल्यांसाठी. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांनी गाव उद्ध्वस्त झालं. मग घराघराने पेन्शन, म्हणजे घरगुती खाणावळीसह लॉज, काढली. आई चुलीपाशी, वडील काउंटरवर, पोरं वाढायला. राहणं आणि तीन वेळचं जेवण एकाच भाड्यात, त्यामुळे कारखान्यातले कामगार, पुढे जर्मन कुटुंबंही मुलाबाळांना घेऊन येऊ लागली. पाणी इतकं उथळ की लहान पोरंही बिनघोर खेळतात.

1989 मध्ये समुद्रावर चिकट शेवाळी थर आला आणि भर हंगामात पाहुणे पाठ फिरवून गेले. त्या उन्हाळ्याबद्दल बोलताना मालकीणबाईंचा आवाज खाली यायचा.

आमचा पहिला हंगामही कठीण गेला. एका एजंटाने चाळीस जणांच्या राहण्याजेवणाचे पैसे बुडवले. बायकोचे दागिने गहाण पडले, ते सोडवायला तीन वर्षं लागली. ऑक्टोबर ते एप्रिल कुलूप असायचं. कमाई शून्य, भाडं चालूच. 2017 मध्ये कर्ज काढून सगळ्या खोल्यांत हीटर बसवले. 2001 पासून इथे नवं प्रदर्शन केंद्र आहे, त्याच्या पाहुण्यांमुळे आता जानेवारीतही दिवे लागतात.

गेल्या 15 ऑगस्टला, फेरागोस्तो या इटलीतल्या उन्हाळी सणाच्या सुट्टीत, मोदेनाहून एक कुटुंब बुकिंग न करता आलं. आजी, दोन नातवंडं. खोली शिल्लक नव्हती. आम्ही आमची दिली आणि गाद्या घेऊन तळघरात उतरलो.