तुम्ही विचारलंत म्हणून: फिलिपिनो पलटण आणि नागरिकत्व

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात फिलिपिनो लोकांची पलटण वेगळी का होती, आणि वर्दी चढल्यावर ते आपोआप नागरिक झाले का, हे दोन प्रश्न नेहमी जोडीनेच येतात.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने फिलिपिन्सवर हल्ला केला. कॅलिफोर्नियातले फिलिपिनो शेतमजूर लढायला तयार होते, पण त्यांना भरती करून घेता येईना. अमेरिकेच्या ताब्यातल्या देशाचे म्हणून ते 'नॅशनल', म्हणजे धड नागरिक नाहीत आणि धड परकेही नाहीत. नियम बदलल्यावर १ एप्रिल १९४२ ला सॅन लुइस ओबिस्पोच्या छावणीत पहिली फिलिपिनो बटालियन उभी राहिली. माणसं इतकी आली की १३ जुलैला सॅलिनास इथे तिची रेजिमेंट, म्हणजे आणखी मोठी तुकडी झाली आणि नोव्हेंबरमध्ये दुसरी निघाली. त्या काळी अमेरिकन सैन्यात वर्णानुसार तुकड्या पाडायची रीतच होती. शिवाय फिलिपिन्स परत घ्यायला तिथली भाषा जाणणारे जवान एकत्र हवे होते. माझ्या मते दुसऱ्या कारणाने पहिल्याचा अन्याय झाकला जात नाही.

नागरिकत्व मात्र आपोआप मिळालं नाही. मार्च १९४२ च्या युद्धकालीन कायद्याने सैनिकांना वर्षानुवर्षं वास्तव्याची अट, इंग्रजीची परीक्षा आणि फी माफ केली. अर्ज आणि शपथ मात्र चुकली नाही. २० फेब्रुवारी १९४३ ला कॅम्प बील इथे सुमारे १,२०० जवान इंग्रजी 'व्ही'च्या आकारात उभे राहिले आणि एकाच वेळी नागरिक झाले.

इथेच बहुतेकांची गफलत होते. नागरिक झाले तरी त्यांना कॅलिफोर्नियात गोऱ्या स्त्रीशी लग्न करता येत नव्हतं, कारण ती बंदी वंशावर होती. १९३३ मध्ये कोर्टाने म्हटलं होतं, फिलिपिनो 'मलय' आहेत, कायद्यात नाव असलेले 'मंगोल' नाहीत, म्हणून त्यांना बंदी लागू नाही. विधिमंडळाने त्याच वर्षी कायद्यात 'मलय' हा शब्द घातला! शेवटी पलटणीचे प्रमुख कर्नल ऑफली यांनी जोडप्यांसाठी बसची सोय केली. लग्नं लागली शेजारचं राज्यही ओलांडून, अशी बंदी नसलेल्या न्यू मेक्सिकोतल्या गॅलप गावात.

पहिली रेजिमेंट पुढे न्यू गिनीला गेली आणि तिथून फिलिपिन्सच्या लेते-समार बेटांवर लढली. एप्रिल १९४६ मध्ये ती मोडली. सैन्यात नसलेल्या फिलिपिनो लोकांना नागरिकत्वाचा हक्क त्यानंतर मिळाला, २ जुलै १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्याने. अमेरिकेतल्या भारतीयांनाही तो त्याच कायद्याने मिळाला.