काकू पिठाचे हात घेऊन पळत आल्या

आज संध्याकाळी भाची गच्चीवर सूर लावत होती आणि खालच्या काकू भाकरी थापता थापता तशाच पिठाच्या हातानं वर पळत आल्या, "अगं काय झालं, कोण पडलं काय?"

ऑपेराचा, म्हणजे पाश्चात्य गायननाट्याचा, रियाज होता. तिला त्यातच करिअर करायचंय. काकूंना सांगितलं की यात माईक नसतो, समोर अख्खा ऑर्केस्ट्रा वाजतो, तरी आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायला पाहिजे, आणि भाषा बहुतेक इटालियन नाहीतर जर्मन.

काकू म्हणाल्या, "मग सोलापुरात कुणासमोर गाणार गं?"

भाची हसली पण नंतर गप्पच झाली. तेच डोक्यातून जाईना.

तसं बघितलं तर १८८० ला अण्णासाहेब किर्लोस्करांनी संगीत नाटक उभं केलं तेव्हा तरी कुठं माईक होता? दिव्यांच्या उजेडात नट खड्या आवाजात गायचे, आणि लोक पहाटेपर्यंत वन्स मोअर घ्यायचे (आपल्याला आता अडीच तास जड जातात, ते सोडा).

काकू मात्र खाली गेल्या नाहीत. पीठ हातावर वाळेपर्यंत ऐकत उभ्या होत्या. जाताना विचारलं, उद्या किती वाजता असतं?